योशिओला पुढच्या वर्षीही बोलवायचं

चित्रपट सुरू होतो तो मुळ्याने. एक म्हातारी आई आणि तिची चाळिशीकडे आलेली मुलगी स्वयंपाकघरात बसून मुळा आणि गाजर सोलतायत. बोलणं चाललंय ते भाज्यांबद्दल, कशाचं काय करायचं याबद्दल. घरात पाहुणे यायचेत. आईचा हात सराईत आहे, मुलीचं लक्ष निम्मं कामात आणि निम्मं गप्पांत. आपण हे बघत बसतो आणि बराच वेळ आपल्याला कळत नाही, की हा सगळा स्वयंपाक एका मेलेल्या मुलाच्या नावाने चाललाय.

हिरोकाझू कोरे-एदा या जपानी दिग्दर्शकाचा 'स्टिल वॉकिंग' 2008 साली आला. 'शॉपलिफ्टर्स'ला 2018 मध्ये कान महोत्सवात पाम द'ओर मिळाल्यावर कोरे-एदाचं नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांपर्यंत पोचलं. त्याच्याकडे मागे वळून जाणाऱ्यांना बहुतेक वेळा हाच चित्रपट आधी सुचवला जातो. सुचवताना जे शब्द वापरले जातात ते मात्र मला खटकतात. ऊबदार, हळुवार, मनाला गारवा देणारा, असं काहीतरी. जेवण आहे, उन्हाळा आहे, समुद्र आहे, गिटारचं साधंसं संगीत आहे, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण या घरात, या गोड जेवणांच्या मधोमध, एका माणसाला दरवर्षी बोलावून शिक्षा दिली जाते. ते बाजूला ठेवून हा चित्रपट आवडून घेता येत नाही, असं मला वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी. योकोयामा कुटुंबाचं घर योकोहामाच्या बाजूला, समुद्राजवळच्या एका गावात आहे. वडील क्योहेई हे निवृत्त डॉक्टर. घरातच त्यांचा दवाखाना होता. आई तोशिको. थोरला मुलगा जुनपेई डॉक्टर होणार होता, वडिलांचा दवाखाना पुढे चालवणार होता. समुद्रात बुडणाऱ्या एका लहान मुलाला वाचवताना तो स्वतः बुडाला. या गोष्टीला दहा वर्षांहून जास्त काळ लोटलाय. त्याच्या स्मरणदिनी धाकटा ऱ्योता आणि मुलगी चिनामी आपापल्या कुटुंबांसह घरी येतात, जेवतात, फोटो काढतात, थडग्यावर पाणी घालून येतात. ऱ्योताचं कुटुंब रात्री राहतं आणि दुसऱ्या दिवशी निघतं. साधारण चोवीस तास. शेवटी काही वर्षांनंतरचा एक छोटा तुकडा आहे, तो सोडला तर चित्रपट या घराच्या आसपासच राहतो.

ऱ्योता (हिरोशी आबे) जुन्या चित्रांची डागडुजी करायचं काम करतो, पण सध्या त्याच्या हातात काम नाही आणि हे त्याला घरी सांगायचं नाहीये. त्याची बायको युकारी (युई नात्सुकावा) हिचा पहिला नवरा वारलाय. तिला त्याच्यापासून झालेला आत्सुशी नावाचा मुलगा आहे, दहाएक वर्षांचा. म्हणजे या घरात पाय ठेवणाऱ्या तिघांपैकी दोघांकडे स्वतःचं एक वेगळं गेलेलं माणूस आहे, आणि त्या माणसाचा स्मरणदिन इथे कुणीही पाळत नाही.

*

जेवणाचा प्रसंग आधी घेऊ, कारण याच्या नावावर चित्रपटाला 'ऊबदार' म्हटलं जातं. तोशिको मक्याच्या दाण्यांची तेम्पुरा तळते. आपल्या भाषेत मक्याची भजीच. तेलात दाणे तडतडतात, त्या आवाजाने आणि वासाने दिवसभर आपल्या खोलीत दार लावून बसलेला म्हातारा बाहेर येतो. मग जुनी गोष्ट निघते. कधीकाळी शेजारच्या शेतातून मका चोरून आणला होता, नेमका तोच शेजारी दुसऱ्या दिवशी मका द्यायला घरी आला, आणि त्यावर घरातल्या एका मुलाने प्रसंग निभावून नेणारं हजरजबाबी वाक्य टाकलं. किती हुशार होता जुनपेई, असं सगळे म्हणतात. ऱ्योता म्हणतो, ते मी म्हटलं होतं.

कुणी फारसं लक्ष देत नाही. बोलणं पुढे जातं.

ज्या घरात एखादं भावंड तरुणपणी गेलंय तिथे वाढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. गेलेला माणूस वाढतच जातो. जिवंत असलेल्यांच्या चांगल्या गोष्टीसुद्धा हळूहळू त्याच्या खात्यावर जमा होतात. तो कधी नोकरी गमावत नाही, त्याचं पोट सुटत नाही, तो आईच्या मनाविरुद्ध लग्न करत नाही. जुनपेईने दवाखाना चालवला असता का, वडिलांशी त्याचं पटलं असतं का, हे आता कुणीच तपासू शकत नाही. ऱ्योताला मात्र रोज तपासलं जातं. त्याने लहानपणी शाळेत लिहिलेला निबंध आई जपून ठेवते आणि सगळ्यांसमोर काढते. मोठेपणी वडिलांसारखं, भावासारखं डॉक्टर व्हायचंय, असं त्यात आहे. आईच्या दृष्टीने ही माया आहे. ऱ्योताच्या दृष्टीने ती न फेडलेली उधारी आहे.

कोरे-एदा यातलं काहीच मोठ्याने करत नाही. भांडण होईल असं वाटतं आणि कुणीतरी विचारतं, चहा ठेवू का. कुटुंबाचा फोटो काढायची वेळ येते तेव्हा तोशिको जुनपेईची तसबीर हातात घेऊन बसते, आणि वडील चौकटीतून निघून जातात. कुणी त्यांना थांबवत नाही. तोशिको मुलीला स्वयंपाकघरात सांगते, की घटस्फोटित बाई एक वेळ बरी, कारण तिने त्या माणसाला सोडलेलं असतं. विधवा मेलेल्याशी तुलना करत राहणार. किरीन किकीने ही तोशिको अशी केलीय, की हे वाक्य ऐकूनही तिचा राग यायला आपल्याला उशीर लागतो. तिचे हात सतत कामात असतात. ती हसत, लाडिक आवाजात, भाजी निवडता निवडता माणसाला टोचते. नंतर युकारीला ती प्रेमाने किमोनो देते आणि त्याच बोलण्यात सुचवते, की आता आणखी मूल होऊ द्यायचं की नाही याचा जरा विचार करा. भेट आणि टोमणा एकाच हाताने दिला जातो. युकारी हसून घेते. रात्री खोलीत ती नवऱ्याला म्हणते, तुझ्यासाठी नवा पायजमा आणून ठेवलाय, आत्सुशीसाठीही आणता आला असता. तक्रार एवढीच. पण या एका पायजम्यात त्या मुलाची या घरातली जागा पूर्ण कळते.

*

आणि मग योशिओ येतो.

जुनपेईने ज्याला वाचवलं तो मुलगा आता पंचवीस वर्षांचा आहे. लठ्ठ, घामाघूम, चांगली नोकरी नाही, पुढे काय याचा पत्ता नाही. दरवर्षी या दिवशी त्याला बोलावणं असतं. तो तसबिरीसमोर गुडघे मोडून बसतो, माफी मागतो, आभार मानतो, सध्या काय करतोय ते ओशाळून सांगतो. उठताना पायाला मुंग्या आल्यामुळे त्याचा तोल जातो. मुलं खुसखुसतात. तोशिको अगदी आपुलकीने म्हणते, पुढच्या वर्षीही यायचं हं. तो हो म्हणतो.

तो गेल्यावर वडील सगळ्यांसमोर बोलतात: असल्या निरुपयोगी पोरासाठी माझा मुलगा कशाला जायला हवा होता. ऱ्योता चिडतो. माणसांच्या आयुष्यांची अशी तुलना करू नका, असं त्याचं म्हणणं. तो योशिओची बाजू घेतोय असं आपल्याला वाटतं, आणि घेतोयही. पण काम नसलेला, वडिलांच्या अपेक्षेत न बसलेला, जुनपेईच्या शेजारी ठेवल्यावर कमी भरणारा माणूस त्या खोलीत एकटा योशिओ नाहीये. वडिलांचं वाक्य दोघांना लागतं. एक जण ते ऐकायला तिथे नाही, दुसऱ्याला ऐकल्याचं दाखवता येत नाही.

रात्री तोशिको एकटीच क्रोशाचं विणकाम करत बसलेली असते. ऱ्योता तिला म्हणतो, की आता योशिओला बोलावणं थांबव, त्याला इथे येऊन फार त्रास होतो, बघवत नाही. तोशिको विणता विणताच सांगते, की म्हणूनच तर बोलावते. दहा-बारा वर्षांत त्याने विसरून जावं, हे तिला चालणार नाही. द्वेष करायला कुणी नसलं की दुःख जास्त जड होतं. वर्षातून एक दिवस त्या पोराला त्रास झाला म्हणून काही मला पाप लागणार नाही. पुढच्या वर्षी बोलावणार, त्याच्या पुढच्याही वर्षी बोलावणार. ऱ्योताला हे भयंकर वाटतं. तिला त्यात काहीच विशेष वाटत नाही. आईबापांपैकी कुणीही हेच केलं असतं, असं तिचं मत आहे.

तिचे हात थांबत नाहीत. आवाज चढत नाही. ही तीच बाई, दुपारी भजी तळणारी. चित्रपटात तोपर्यंत आपण तिच्या हातचं जवळजवळ सगळं चाखून झालेलं असतं, आणि आता कळतं की योशिओला केलेली सरबराईही त्याच हातची होती.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा योशिओच्या प्रसंगात हसले होते. मुलांसोबत. तो घाम, ते लडखडणं, ते ओशाळं बोलणं कोरे-एदाने विनोदी वाटेल असंच घेतलंय. मग रात्रीचा प्रसंग आला आणि आपण कुणाच्या बाजूने हसत होतो ते लक्षात आलं. दुसऱ्यांदा बघताना हसू येत नाही. दुसऱ्यांदा तोशिकोच्या आग्रहाचं प्रत्येक वाक्य ऐकू येतं.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. चित्रपट योशिओला न्याय देतो का? तो एकदाच येतो आणि जातो. त्याच्या मागे कॅमेरा जात नाही. त्याच्या घरी या दिवशी सकाळी काय घडत असेल, कुठला शर्ट घालावा याचा तो किती वेळ विचार करत असेल, परत जाताना त्याला सुटल्यासारखं वाटतं की आणखी वर्षभराचं ओझं मिळाल्यासारखं, हे आपल्याला कळत नाही. दुसऱ्या कुणी हा चित्रपट केला असता तर योशिओला एक रडण्याचा प्रसंग दिला असता आणि आपल्याला मोकळं केलं असतं. कोरे-एदा ते करत नाही. तो आपल्याला घरातच ठेवतो, कुटुंबासोबत, म्हणजे योशिओला त्रास देणाऱ्यांसोबत. मला हे आधी कमतरता वाटायचं. आता असं वाटतं की हा बहुधा मुद्दाम घेतलेला निर्णय आहे. आपल्या दुःखाची किंमत बाहेरचा जो कोणी भरतो, तो घरातून बघताना असाच दिसतो: थोडासा हास्यास्पद, आणि निघून गेल्यावर लगेच विसरला जाणारा. तरीही त्या माणसाला फक्त लठ्ठपणाच्या आणि घामाच्या खुणांवर उभं करणं जरा सोपं झालंय, ही माझी कुरबुर शिल्लक राहतेच. तो सडपातळ, नीटनेटका, चांगल्या नोकरीतला असता तर क्योहेईचं वाक्य आलं नसतं, आणि तोशिकोने मात्र त्याला तरीही बोलावलं असतं. तो चित्रपट जास्त कठीण झाला असता.

*

आता आत्सुशीकडे येऊ. चित्रपटाच्या सुरुवातीला या मुलाविषयी एक गोष्ट कळते. शाळेतला ससा मेला, वर्गातल्या मुलांनी सशाला पत्र लिहायचं ठरवलं, आणि आत्सुशी हसला. का हसलास, असं विचारल्यावर त्याचं उत्तर साधं आहे: जे पत्र कुणी वाचणार नाही ते लिहायचं कशाला?

वडील गमावलेल्या मुलाच्या तोंडी हा प्रश्न आहे. माझ्या मते सगळा चित्रपट याच प्रश्नाच्या उत्तराच्या शोधात फिरतो. कारण बाकीचे सगळे जे करतायत ती न वाचली जाणारी पत्रंच आहेत. थडग्यावर पाणी घालून, आज ऊन फार आहे, जरा गार वाटेल, असं दगडाशी बोलणारी आई. तसबिरीपुढे ठेवलेलं खाणं. फोटोत तसबीर. एवढंच कशाला, योशिओचं बोलावणंही एक पत्रच आहे, फक्त ते चुकीच्या पत्त्यावर पाठवलंय.

थडग्यावरून परतताना एक पिवळं फुलपाखरू दिसतं. तोशिको म्हणते, हिवाळ्यात न मरता टिकलेलं पांढरं फुलपाखरू पुढच्या वर्षी पिवळं होऊन येतं म्हणतात. ऱ्योताला हे खरं वाटत नाही. तिने ते कुठून तरी ऐकलेलं आहे, इतकंच. रात्री घरात एक पिवळं फुलपाखरू शिरतं. तोशिको त्याच्यामागे खोलीभर फिरते. तिला तो जुनपेई वाटतो. फुलपाखरू जाऊन बसतं ते नेमकं तसबिरीवर. आत्तापर्यंत सगळ्यांना हसत खेळवणारी ही बाई एकदम कुणाच्याही ताब्यात नसलेली दिसते. बाकीचे गप्प होतात. कुणाला लाज वाटते, कुणाला भीती. शेवटी फुलपाखराला बाहेर सोडलं जातं.

आपल्याला हा प्रसंग परका वाटू नये. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत उभे राहिलेले लोक आपण पाहिलेत. कावळा येत नाही तेव्हा कुणीतरी पुढे होऊन गेलेल्याला वचन देतं, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, घराकडे लक्ष ठेवू. एरवी असल्या गोष्टींवर विश्वास नसलेला इंजिनिअर मुलगाही त्या क्षणी कावळ्याकडेच बघत असतो. तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, कारण घरी तर जायचंय. तिथे कावळा खरंच कोण आहे हा प्रश्न कुणी विचारत नाही. जिवंत माणसांना एकमेकांसमोर काही बोलून टाकायचं असतं, आणि कावळा त्याला जागा करून देतो. तोशिकोकडे अशी जागा देणारा विधी नाही असं नाही, पण तो तिला पुरत नाही. म्हणून तिच्यासाठी फुलपाखरू येतं, आणि ते येत नाही त्या दिवसांसाठी योशिओ असतो.

आत्सुशी मात्र हे सगळं बघत असतो. त्या रात्री तो अंगणात एकटा उभा राहून अंधाराशी बोलतो. त्याचे वडील पियानोचे सूर जुळवायचं काम करायचे. त्याला तेच व्हायचंय, आणि ते नाही जमलं तर डॉक्टर. दोन वाक्यं. ऐकायला कुणी नाही. सशाला पत्र लिहिणाऱ्यांना हसणाऱ्या मुलाने स्वतःचं पत्र लिहिलं, असं म्हणता येईल. त्यातला 'डॉक्टर' हा शब्द त्याने या घरातून उचललाय, ज्या घराने त्याच्यासाठी पायजमा आणला नव्हता. चित्रपटातली ही सर्वात उदार गोष्ट आहे आणि ती एका मुलाने केलीय, कुणाला न सांगता.

*

वडिलांचं दुःख वेगळ्या जातीचं आहे. क्योहेई (योशिओ हारादा) घरात एखाद्या नाराज पाहुण्यासारखे राहतात. बाहेर बाजाराची पिशवी घेऊन दिसायला त्यांना आवडत नाही, कारण लोकांनी अजूनही डॉक्टर म्हणून ओळखावं. नातवंडं या घराला 'आजीचं घर' म्हणतात याचा त्यांना राग आहे; घर त्यांनी काम करून बांधलंय. त्या दिवशी शेजारच्या म्हातारीची तब्येत बिघडते आणि अॅम्ब्युलन्स येते. एकेकाळचे डॉक्टर रस्त्यावर उभे राहून बघतात. त्यांच्या हातात करण्यासारखं काही नसतं. मुलगा गेला तेव्हाही नव्हतं.

याच वडिलांना तोशिको एका गाण्यातून पकडते. जेवताना जुन्या गाण्यांचा विषय निघतो आणि ती एक रेकॉर्ड लावते, आयुमी इशिदाचं 'ब्लू लाईट योकोहामा', साठच्या दशकाच्या अखेरचं गाजलेलं गाणं. चित्रपटाचं जपानी नाव या गाण्याच्या शब्दांतून आलंय. पोरं मजेत ऐकतात, वडील मान खाली घालून जेवत राहतात. नंतर ते न्हाणीघरात असताना ती बाहेरून सांगते, की ही रेकॉर्ड तिने कधी घेतली. तान्ह्या ऱ्योताला पाठीवर घेऊन ती एका परक्या बाईच्या घरापर्यंत गेली होती. आतून नवऱ्याच्या गाण्याचा आवाज आला. ती काही न बोलता परतली आणि मग हीच रेकॉर्ड विकत घेतली. इतकी वर्षं ती एकटीने ऐकत आली. हे ती भांडणासाठी सांगत नाही. टॉवेल द्यावा तसं देते आणि जाते.

या प्रसंगाने योशिओचा प्रसंग आणखी स्पष्ट होतो. जुनपेई गेल्यावर तोशिको अशी झाली असं नाही. दुखावलं गेल्यावर ते न बोलता सांभाळून ठेवायचं, आणि वेळ आली की समोरच्याला हळूच परत करायचं, ही तिची आधीपासूनची रीत आहे. नवऱ्याला तिने एका गाण्याने शिक्षा दिली, योशिओला आमंत्रणाने. शोक माणसाला बदलतो असं आपण म्हणतो. कोरे-एदाची माणसं शोकात अधिकच स्वतःसारखी होतात.

*

दुसऱ्या दिवशी ऱ्योता, युकारी आणि आत्सुशी बसने निघतात. आदल्या दिवशी आईला एका सुमो पैलवानाचं नाव आठवत नव्हतं, ऱ्योतालाही नव्हतं. बसमध्ये ते नाव त्याला अचानक आठवतं आणि तो म्हणतो, नेहमी असंच होतं, थोडक्यात उशीर होतो. मग बायकोला म्हणतो, नव्या वर्षाला नको यायला, वर्षातून एकदा पुरे. तिकडे म्हातारा-म्हातारी जिने चढत घरी परततायत आणि वडील म्हणतायत, आता पुढची भेट नव्या वर्षाला.

दोन वाक्यं, दोन जागा. कुणी रडत नाही, आणि चित्रपट तिथेच संपला असता तरी चाललं असतं. पण त्यानंतर ऱ्योताचा आवाज येतो आणि सांगतो की तीन वर्षांनी वडील गेले, पाठोपाठ आईही गेली. वडिलांसोबत फुटबॉलचा सामना बघायला जायचं ठरलं होतं, ते झालं नाही. मुलाच्या गाडीतून फिरायची आईची इच्छा होती, तीही राहिली. मला हे निवेदन नको होतं. जे बसमधल्या एका वाक्यात कळलं ते इथे पुन्हा समजावून सांगितलं जातं. स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतर, तिच्यासाठी काही करता आलं नाही या खंतीतून आपण हा चित्रपट केला, असं कोरे-एदाने सांगितलंय. त्या निवेदनात पात्रापेक्षा दिग्दर्शकच बोलतो आणि त्याला आवरता आलेलं नाही. मुलगा म्हणून ते समजतं. चित्रपट म्हणून तो क्षण थोडा सैल आहे.

पण नंतरचा शेवटचा तुकडा हे सगळं सावरून घेतो. ऱ्योता, युकारी, मोठा झालेला आत्सुशी आणि एक लहान मुलगी थडग्यावर आलेत. तोशिकोने विचार करायला सांगितला होता ते मूल झालंय. ऱ्योता दगडावर पाणी घालतो, आईसारखंच. खाली त्यांची गाडी उभी आहे, ज्यात आई कधी बसली नाही. जाताना पिवळं फुलपाखरू दिसतं आणि ऱ्योता मुलीला सांगतो, हिवाळ्यात टिकलेलं पांढरं फुलपाखरू पिवळं होऊन येतं म्हणतात. तुला कुणी सांगितलं, असं मुलगी विचारते. तो आईचं नाव घेत नाही.

ज्या गोष्टीवर त्याने विश्वास ठेवला नव्हता, ती तो पुढे देतोय. माहिती म्हणून ती चुकीचीच असेल. पण आत्सुशीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. न वाचलं जाणारं पत्र लिहायचं कशाला? ते ज्याच्या नावाने लिहिलंय त्याला पोचत नसलं तरी शेजारी उभं असलेलं लहान मूल ते वाचतं.

मग तोशिकोचं दुसरं पत्र कुणी वाचलं, असा प्रश्न उरतो. आईने मागे ठेवलेल्या दोन गोष्टींपैकी ऱ्योताने फुलपाखरू घेतलं. निदान आपल्याला दिसतं त्यावरून, योशिओचं बोलावणं त्याने पुढे चालू ठेवलेलं नाही. थडग्यापाशी या वेळी फक्त घरचीच माणसं आहेत. चित्रपट यावर काहीच भाष्य करत नाही. पण दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी कुठेतरी एक लठ्ठ, आता तिशी ओलांडलेला माणूस सकाळी उठत असेल आणि त्याला जाणवत असेल, की आज कुठेही जायचं नाही. त्याला बरं वाटत असेल का, ते मला ठाऊक नाही. वर्षानुवर्षं मागितलेली माफी आता कुणाकडे मागायची, हाही त्याच्यापुढे प्रश्न असेल. कोरे-एदाने तो चित्रपट केलेला नाही. पण 'स्टिल वॉकिंग' नीट पाहिला तर तो चित्रपट आपल्या डोक्यात आपोआप सुरू होतो, आणि घरच्या पुढच्या स्मरणदिनाला आपण कुणाला बोलावतोय आणि कशासाठी, याकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं लागतं.